फुफ्फुसाचा कॅन्सर किंवा मेसोथेलिओमा, आणि पहिल्यांदाच कॅन्सर सेंटरला जायचंय? मग आधी हे वाचा

आधी सांगते, मी डॉक्टर नाहीये. आमच्या घरात पाच वर्षांत दोन पेशंट झाले, काकूला फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मामांना मेसोथेलिओमा, आणि दोघांच्या वेळी फाइल उचलून पळणारी मीच होते. दोघांनाही विभागातल्या मोठ्या कॅन्सर सेंटरला नेलं, तिथे छातीचं वेगळं युनिट होतं आणि संशोधनाचं काम त्याच मजल्यावर चालायचं. पहिल्या खेपेला इतक्या चुका केल्या की दुसऱ्या खेपेला त्या टाळता आल्या, त्यातलंच सगळं इथे लिहितेय. औषध कुठलं घ्यायचं ते तुमचे डॉक्टरच सांगतील, मी फक्त रस्ता सांगतेय.

दोन आजारांतला फरक आधी डोक्यात पक्का करा कारण नातेवाईक फोनवर दोन्हीची भेसळ करतात. फुफ्फुसाचा कॅन्सर फुफ्फुसाच्या आत सुरू होतो. मेसोथेलिओमा फुफ्फुसाच्या बाहेरून जो पातळ पापुद्रा असतो त्यात सुरू होतो (क्वचित पोटाच्या आवरणातही होतो), आणि तो गाठीसारखा वाढण्याऐवजी पापुद्र्यावर पसरत जातो, म्हणून बऱ्याचदा पहिली तक्रार असते ती दम लागण्याची आणि तपासलं की छातीत पाणी निघतं. सिगारेटने मेसोथेलिओमा होत नाही, त्याचं मुख्य कारण ॲस्बेस्टॉस (उष्णता अडवायला वापरायचे ते धागेदार खनिज). पण ॲस्बेस्टॉस आणि सिगारेट दोन्ही असतील तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र कितीतरी पटीने वाढतो. छातीचे डॉक्टर, सर्जन, पॅथॉलॉजिस्ट तेच लागतात म्हणून दोन्ही आजार एकाच युनिटमध्ये बघतात.

जायच्या आधी: ब्लॉक, स्लाइड, सीडी

रिपोर्टचे कागद सगळेच नेतात. पण सेंटरला कागदापेक्षा मूळ माल हवा असतो. सीटीचा रिपोर्ट नको, सीडी हवी, कारण त्यांचा रेडिओलॉजिस्ट स्वतः चित्रं बघतो. बायोप्सी बाहेर झाली असेल तर रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही मागून घ्या. ब्लॉक म्हणजे बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवलेला असतो, काडेपेटीपेक्षाही लहान प्लॅस्टिकच्या चौकटीत. मी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला त्यात काही दिसलंच नाही, मग लॅबवाल्या मुलाने उजेडात धरून दाखवलं, तांदळाच्या दाण्याएवढे दोन-तीन फिकट ठिपके. काकूचं पुढचं सगळं त्या ठिपक्यांवर ठरलं. तो ब्लॉक प्रवासात उन्हात गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. आणि कुणाकडे दिलात त्याची सही घ्या.

आम्ही काकूच्या वेळी फक्त रिपोर्ट घेऊन गेलो, ब्लॉक आधीच्या हॉस्पिटलमध्येच. तिथे मागायला गेलो तर या खिडकीवरून त्या खिडकीवर, अर्ज द्या, उद्या या, आणि यात नऊ दिवस गेले. नऊ दिवस घरात कुणी नीट झोपलं नाही. म्हणून म्हणते, अपॉइंटमेंटची वाट बघत असतानाच ब्लॉकचा अर्ज टाकून ठेवा.

चालू गोळ्यांची यादीही सोबत ठेवा, रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती ठळक लिहा, कारण सुई घालायच्या आधी ती काही दिवस बंद करावी लागते (स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारून करा).

कामाचा इतिहास, अगदी पहिल्या नोकरीपासून

याला बहुतेक लोक दोन मिनिटं देतात, मी म्हणेन एक अख्खी संध्याकाळ द्या. ॲस्बेस्टॉसचा धागा छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण २० ते ५० वर्षं जातात. म्हणजे सत्तरीच्या माणसाचं कारण त्याच्या विशीतल्या नोकरीत असू शकतं, जी त्याला स्वतःलाच नीट आठवत नाही.

मामांना पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, ॲस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता का? मामा ठामपणे नाही म्हणाले, मी कधी त्या कारखान्यात नव्हतो. डॉक्टरांनी लिहून घेतलं. नंतर बाहेर रिसर्च नर्सने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला. काका, बॉयलरवर काम होतं म्हणालात ना, पाइपांना गरम राहायला वरून काय गुंडाळायचे? मामा म्हणाले, ते होय, पांढरा लेप असायचा, पोत्यातली पावडर पाण्यात कालवून हाताने थापायचो, वाळला की घासायचो, दिवसभर नाकात पांढरं. नर्सने पेन थांबवलं आणि म्हणाली, किती वर्षं? मामा म्हणाले, तीन-साडेतीन, लग्नाच्या आधी. त्या एका प्रश्नाने फाइल बदलली.

म्हणून ‘ॲस्बेस्टॉस’ हा शब्द विचारू नका, काम विचारा. बॉयलर, पाइपवरचं लेपन, जहाजबांधणी किंवा जहाज तोडणं, सिमेंटचे पत्रे कापणं, ब्रेक लायनर बदलणं, गॅस्केट, भट्टी, जुन्या इमारती पाडणं. घरच्यांचंही विचारा, कारण कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत. ॲस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमाच्या संबंधाची सुरुवातीची मोठी नोंद दक्षिण आफ्रिकेतली, १९६० साली वॅगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ पेशंट मांडले, जवळजवळ सगळ्यांचा संबंध निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्याशी, आणि त्यातले काही तर खाणीत कामाला कधीच गेले नव्हते, फक्त लहानपणी त्या भागात राहिले होते. तुर्कस्तानात कॅपाडोशियाच्या काही गावांत तर ॲस्बेस्टॉसही नाही, एरिओनाइट नावाचं धागेदार खनिज घरांच्या दगडातच होतं आणि गावंच्या गावं या आजाराने पोखरली गेली.

या इतिहासाने उपचार फारसे बदलत नाहीत, हे खरंय. पण निदान करताना पॅथॉलॉजिस्टला दिशा मिळते, बऱ्याच देशांत कामामुळे झालेल्या आजाराची भरपाई याच नोंदीवर अवलंबून असते, आणि सेंटरच्या संशोधनाला ही माहिती सोन्यासारखी असते. वर्ष, ठिकाण, काम काय होतं, सोबत कोण होतं, असं एका कागदावर लिहून नेऊन द्या.

पहिल्या ओपीडीत डॉक्टर चालणं बघतात

डॉक्टर आजारासोबत माणूस किती दमदार आहे हेही मोजतात. शून्य ते चार असा आकडा असतो (पाच म्हणजे माणूस गेला, ते सोडा). शून्य म्हणजे सगळं पूर्वीसारखं, एक म्हणजे जड काम जमत नाही पण बाकी ठीक, दोन म्हणजे स्वतःचं स्वतः करतो पण कामधंदा नाही, तीन म्हणजे जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत, चार म्हणजे पूर्ण अंथरुणाला. कुठली केमो झेपेल, ट्रायलमध्ये (नव्या औषधाच्या चाचणीत) घेतील का, हे बरंचसं या आकड्यावर जातं.

इथे आपली माणसं खोटं बोलतात. मामांना विचारलं कसं वाटतंय, तर म्हणाले एकदम ठणठणीत. मामी शेजारून हळूच म्हणाल्या, अहो जिना चढताना दोनदा बसता. डॉक्टर हसले आणि मामींचं लिहून घेतलं. खरं सांगा, आकडा चुकला तर डोस चुकतो. आणि ओपीडीत दोन जण जा, एक ऐकायला आणि एक लिहायला, कारण पेशंटला पहिल्या वाक्यानंतर काही ऐकू येत नाही.

तुकडा: माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी

घरचे म्हणतात कॅन्सर आहे हे कळलं ना, मग आता औषध सुरू करा, पुन्हा बायोप्सी कशाला. मीपण हेच म्हटलं होतं, चिडून. पण नुसतं ‘कॅन्सर आहे’ एवढ्यावर आजकाल काहीच ठरत नाही.

मेसोथेलिओमाच्या बाबतीत छातीतलं पाणी काढून तपासलं तरी पाण्यातल्या सुट्या पेशींवरून पक्कं सांगणं कठीण जातं. चांगला जाड तुकडा लागतो, म्हणून छातीत दुर्बीण घालून पापुद्र्याचे तुकडे घेतात, त्याच वेळी पाणीही उपसतात. मग पॅथॉलॉजिस्ट त्या तुकड्यावर रंगांच्या चाचण्या लावतो. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी वन असे रंग चढले तर मेसोथेलिओमाकडे झुकतं, टीटीएफ वन चढला तर ॲडेनोकार्सिनोमाकडे, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या एका प्रकाराकडे. दोन्ही बाजूंचे किमान दोन-दोन रंग बघतात, एकावर विसंबत नाहीत. बॅप वन नावाचं प्रथिन पेशीतून गायब असेल तर तो साधी सूज नसून कॅन्सर असल्याचा मोठा पुरावा. शेवटी प्रकार लिहितात, एपिथेलिओइड, सार्कोमॅटॉइड किंवा दोन्हींची सरमिसळ असलेला बायफेजिक. हा शब्द रिपोर्टमध्ये शोधा आणि नसेल तर विचारा, कारण सार्कोमॅटॉइड जास्त आडमुठा असतो आणि औषध निवडताना हा फरक बघतात.

फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये आधी स्मॉल सेल की नॉन स्मॉल सेल हे बघतात. साधारण ८५ टक्के पेशंट नॉन स्मॉल सेलचे असतात, त्यात ॲडेनोकार्सिनोमा आणि स्क्वेमस हे मोठे गट. पुढे जीनची तपासणी, म्हणजे कॅन्सरच्या पेशींत कुठल्या जीनमध्ये बदल झालाय ते. ईजीएफआर, अल्क, रॉस वन, केरास, ब्राफ, मेट, रेट, हर टू, एनट्रॅक, आणि वेगळी पीडी-एल वन या प्रथिनाची चाचणी, जी टक्क्यात येते. ही नावं पाठ करायची गरज नाही, फक्त रिपोर्टमध्ये यांच्यापुढे काय लिहिलंय ते विचारा. ईजीएफआरमधला बदल २००४ साली सापडला, अल्कचा २००७ साली जपानमध्ये, आणि तिथून या आजाराचं चित्रच बदललं.

काकूने आयुष्यात सिगारेट ओढली नाही. तिला कॅन्सर आहे कळल्यावर लोकांनी आडून आडून विचारलं, घरात कोण ओढतं का, जसं काही गुन्हा झालाय. तिच्या त्या तांदळाएवढ्या तुकड्यात ईजीएफआर निघाला. केमोची मानसिक तयारी करून बसलो होतो आणि डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. मेंदूत दोन बारीक डाग होते तेही त्या गोळीवर आक्रसले. आजार पूर्ण गेला असं कुणी म्हटलं नाही, चौथी स्टेज ती चौथीच, पण ती भाजी निवडत बसलेली असते हे आमच्यासाठी खूप आहे.

आता धोका कुठे आहे ते सांगते. जीनच्या रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि त्या दिवसांत घरच्यांचा दबाव असतो की काहीतरी सुरू करा, मग कुणी म्हणतं निदान इम्युनो (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) तरी देऊन टाका. ईजीएफआर असलेल्या पेशंटला इम्युनोथेरपीचा फायदा सहसा कमी होतो, आणि इम्युनोच्या पाठोपाठ ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची गोळी दिली तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. पेशंटची तब्येत खूप घसरत असेल तर डॉक्टर वाट बघणार नाहीत, ते वेगळं. पण तब्येत टिकून असेल तर थांबणं हा उपचाराचाच भाग आहे असं समजा.

दुसरं, तुकडा संपतो. खरंच संपतो. प्रत्येक चाचणीला ब्लॉकमधून पातळ काप काढतात, आणि दोन-तीन ठिकाणी दुसरं मत घेत फिरलात तर प्रत्येक जण काप काढतो, मग जीनच्या चाचणीच्या वेळी लॅब कळवते की मटेरियल अपुरं. अशा वेळी रक्तातून तपासणी करता येते, लिक्विड बायोप्सी म्हणतात, ती सोपी आहे पण तिच्यात काही सापडलं नाही याचा अर्थ बदल नाहीच असा होत नाही, कधी कधी ट्यूमर रक्तात पुरेसा डीएनए सोडतच नाही. मग पुन्हा सुई. म्हणून बायोप्सी व्हायच्या आधीच विचारा की जीनच्या तपासणीला पुरेल एवढा तुकडा घेणार आहात ना. हा प्रश्न विचारायला लाजू नका, कुणाला राग येत नाही.

स्टेज काढणं

इथे पटकन जाते. पेट स्कॅन (आजार अंगात कुठे कुठे आहे ते बघायला), मेंदूचा एमआरआय, आणि छातीच्या मधल्या गाठींत पसरलंय का ते बघायला श्वासनलिकेतून दुर्बीण घालून सोनोग्राफीच्या मदतीने सुई, तिला ईबस म्हणतात. ऑपरेशनचा विचार असेल तर फुंकर मारायची टेस्ट, फुफ्फुसाची ताकद बघायला. पेटमध्ये चमकलं की कॅन्सरच असं नसतं, टीबी, जंतुसंसर्गही चमकतो, आणि पाणी पुन्हा साठू नये म्हणून छातीत टाल्क पावडर टाकलेली असेल तर ती जागा पुढे कितीतरी काळ चमकत राहते, तेव्हा टाल्क टाकलंय हे प्रत्येक स्कॅनच्या वेळी सांगा. रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकून काही होत नाही, भीतीच वाढते.

ट्यूमर बोर्ड

सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, छातीचे डॉक्टर एका खोलीत बसतात आणि एकेका पेशंटची चित्रं पडद्यावर लावून ठरवतात. पेशंट सहसा आत नसतो. मोठ्या सेंटरला यायचं खरं कारण मला हेच वाटतं, बिल्डिंग आणि मशिन नंतर. एकटा सर्जन ऑपरेशनकडे झुकतो, एकटा केमोवाला केमोकडे, माणूसच आहेत, समोरासमोर बसले की एकमेकांना खोडतात. आपण एवढंच करायचं, आपली केस बोर्डात ठेवली का, काय ठरलं, आणि मतभेद होता का, हे विचारायचं. तिसरा प्रश्न नक्की विचारा, उत्तर प्रामाणिक मिळतं.

मामांच्या वेळी आमचा हट्ट होता ऑपरेशनचा. काढून टाका ना ते आवरण, असं मामांचा मुलगा तीनदा म्हणाला. सर्जनने स्वतःच नको म्हटलं आणि कारण सांगितलं. ब्रिटनमध्ये मार्स टू नावाची चाचणी झाली, ३३५ पेशंट, सगळ्यांना केमो, त्यातल्या निम्म्यांना शिवाय आवरण सोलून काढायचं मोठं ऑपरेशन. २०२४ साली निकाल छापून आले. ऑपरेशनवाल्यांचं मध्यम आयुष्यमान (निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जातात तो आकडा) १९.३ महिने आणि नुसत्या केमोवाल्यांचं २४.८, वरून ऑपरेशनवाल्यांना गंभीर त्रासही जास्त. सर्जनच जेव्हा चाकू बाजूला ठेवतो तेव्हा ऐकावं. यावरही जगभर वाद चालू आहे आणि निवडक पेशंटना काही ठिकाणी ऑपरेशन देतात, पण ‘ऑपरेशन नाही म्हणजे सोडून दिलं’ हा समज काढून टाका.

उपचार, थोडक्यात आणि थोडं पसरट

फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर सापडला तर ऑपरेशन, फुफ्फुसाचा एक कप्पा काढतात, लहान कडेच्या गाठीला कधी कप्प्याचा भागच. ऑपरेशन झेपत नसेल तर नेमक्या जागी जोरदार रेडिएशन, थोड्याच बैठकांत संपतं. हल्ली काही जणांना ऑपरेशनच्या आधीच केमो आणि इम्युनो देतात. तिसऱ्या स्टेजला ऑपरेशन शक्य नसेल तर केमो आणि रेडिएशन बरोबर, आणि त्यानंतर वर्षभर ड्युर्व्हालुमॅब हे इम्युनो औषध. पॅसिफिक नावाच्या चाचणीत असं औषध मिळालेले ४२.९ टक्के पेशंट पाच वर्षांनी हयात होते, न मिळालेल्यांत ३३.४ टक्के. चौथ्या स्टेजला जीन सापडला तर बहुतेकदा त्याची गोळी, नाही तर पीडी-एल वन बघून इम्युनो, एकटी किंवा केमोबरोबर. स्मॉल सेल फार वेगाने वाढतो, तिथे वाट बघण्याची चैन नसते, केमो लगेच.

मेसोथेलिओमाला बरीच वर्षं केमोची एकच मुख्य जोडी होती, पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन. २००३ साली छापून आलेल्या चाचणीत नुसत्या सिस्प्लॅटिनवर ९.३ महिने तर जोडीवर १२.१ महिने मध्यम आयुष्यमान आलं. ती चाचणी चालू असताना पेशंटना त्रास फार व्हायला लागला म्हणून मधूनच फॉलिक ॲसिड आणि बी ट्वेल्व्ह जोडलं, आणि त्रास कमी झाला. म्हणून आजही पेमेट्रेक्सेडच्या साधारण आठवडाभर आधी फॉलिक ॲसिडची गोळी आणि बी ट्वेल्व्हचं इंजेक्शन सुरू करतात. ही गोळी ‘नुसतं व्हिटॅमिन’ म्हणून चुकवू नका, मामांनी दोन दिवस चुकवली होती आणि नर्सकडून जे ऐकून घेतलं ते मी इथे लिहीत नाही.

मग २०२० साली निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या दोन इम्युनो औषधांची जोडी आली. ६०५ पेशंटच्या चाचणीत १८.१ महिने, केमोवर १४.१. एपिथेलिओइड नसलेल्या प्रकारात तर फरक मोठा, १८.१ विरुद्ध ८.८. रिपोर्टमधला तो शब्द शोधा म्हणाले होते ते यासाठी. हे सगळे मधले आकडे आहेत बरं का, निम्मे पेशंट याच्या पुढे जातात. मामांच्या मुलाने आकडा वाचून कॅलेंडर मोजायला घेतलं होतं, तसं करू नका.

छातीत पाणी पुन्हा पुन्हा होत असेल तर दर वेळी सुई टोचून घेत बसू नका. एक तर टाल्क टाकून दोन पापुद्रे चिकटवतात, नाही तर बारीक नळी कायमची बसवतात आणि घरीच बाटलीला जोडून पाणी काढता येतं. मामांनी नळी घेतली. मामी ते काम पंधरा मिनिटांत करायच्या, हात धुवून, ट्रे मांडून, पिवळसर पाणी बाटलीत उतरताना मिलीलिटर वहीत लिहून. खोकला किंवा छातीत ओढ सुरू झाली की थांबायचं, एवढा एक नियम.

दोन गोष्टी फ्रिजवर चिकटवा. केमो चालू असताना ३८ डिग्रीच्या वर ताप गेला (म्हणजे १००.४ फॅरनहाइट) तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजताही सेंटरच्या नंबरवर फोन. आणि इम्युनो घेतलेल्याला जुलाब, नवीन खोकला किंवा दम, अंगभर पुरळ, फार थकवा काहीही झालं तरी फोन, औषध बंद होऊन काही महिने झाले असले तरीसुद्धा, कारण इम्युनोचा त्रास उशिरा उगवतो आणि त्याला स्टिरॉइड लागतं, घरातली जुलाबाची गोळी नाही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य हे बोला की इम्युनो घेतलीय.

ट्रायल म्हणजे आपल्यावर प्रयोग का?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. रिसर्च नर्स कागद घेऊन आली की घरातला मोठा माणूस म्हणतो, आम्हाला नको तुमचे प्रयोग. वर जी औषधं लिहिली ती सगळी कुणीतरी आधी ट्रायलमध्ये घेतली म्हणून आज मिळतात, हे तर आहेच, पण तेवढ्यावर सही करू नका, नीट समजून करा.

फेज एकमध्ये डोस किती झेपतो ते बघतात, तिथे फायद्याची हमी अजिबात नाही. फेज दोनमध्ये औषध काम करतं का ते. फेज तीनमध्ये नवीन आणि चालू उपचार समोरासमोर, आणि कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टरही बदलू शकत नाही. चांगला उपचार उपलब्ध असताना कुणाला नुसत्या खोट्या गोळीवर ठेवत नाहीत, खोटी गोळी असलीच तर ती सहसा चालू उपचाराच्या जोडीला असते. सही केली तरी कधीही बाहेर पडता येतं आणि त्याने तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. कागद घरी न्या, त्याच दिवशी सही करायची नसते. विचारायचं काय तर, यात नसतो तर मला काय दिलं असतं, जास्तीच्या किती फेऱ्या आणि किती बायोप्सी, काही बिघडलं तर खर्च कुणाचा, ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहील का.

सही केली म्हणजे घेतलंच असंही नाही. मामांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वर निघालं आणि स्क्रीनिंगमध्येच बाद झाले. दोन दिवस रुसून होते, आधी नको नको म्हणणारे तेच. पण उरलेल्या तुकड्याची आणि रक्ताची संमती त्यांनी दिली, बायोबँकेत, म्हणजे संशोधनासाठी नमुने जपतात तिथे, ठेवायला. त्यात वेगळं टोचणं नसतं, जे काढलं गेलंय त्यातलंच उरलेलं ठेवतात. मेसोथेलिओमा दुर्मिळ असल्यामुळे एकेक नमुना मोलाचा. मामांनी सही करताना नर्सला विचारलं, यात माझ्या बॉयलरचंही लिहिणार ना? तिने पान उलटून दाखवलं, लिहिलं होतं.

पॅलिएटिव्हचं नाव ऐकून पळू नका

पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचं, असं आम्हालाही वाटायचं. २०१० साली बोस्टनमध्ये १५१ फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर अभ्यास झाला, ज्यांना निदानापासूनच पॅलिएटिव्ह टीम जोडून दिली ते जास्त बरे होते, उदासीही कमी, आणि मध्यम आयुष्यमान ११.६ महिने विरुद्ध ८.९. दुखणं, झोप, भूक, दम हे सगळं तीच टीम बघते. मामांना दमावर त्यांनी दोन उपाय दिले. एक म्हणजे अगदी थोड्या डोसची मॉर्फिन, आणि दुसरा बॅटरीवरचा हातपंखा तोंडासमोर धरायचा, गालावर आणि नाकाशी गार वारा लागला की दम खरंच हलका वाटतो. आम्ही हसलो होतो त्या पंख्याला. पुढे तो मामांच्या उशाशीच असायचा, बॅटरी कमी झाली की मामी ओरडायच्या.

घरातल्या बाकीच्यांसाठी

पेशंट सिगारेट ओढत असेल तर निदानानंतर सोडण्यातही फायदा आहे, ‘आता काय राहिलंय’ म्हणू नका, ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही जास्त चांगली झेपतात. घरात दुसरं कुणी बरीच वर्षं ओढत असेल तर सेंटरमध्ये लो डोस सीटीबद्दल (कमी रेडिएशनचा सीटी) विचारा. अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त लोकांवर चाचणी झाली, २०११ साली निकाल आला, साध्या एक्स-रेच्या तुलनेत लो डोस सीटीने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी झाले. साध्या एक्स-रेवर समाधान मानू नका. मेसोथेलिओमासाठी मात्र अशी सिद्ध झालेली तपासणी नाहीये, ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांनी दम किंवा छातीत दुखणं अंगावर काढू नये एवढंच.

फॉलोअप

स्कॅन सुरुवातीला बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी असतो. शक्यतो त्याच मशिनवर करा आणि जुनी सीडी सोबत न्या, कारण डॉक्टर नुसता आजचा फोटो बघत नाहीत, मागच्याशी मिलीमीटरने ताडतात. गोळी चालू असताना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आजार पुन्हा डोकं वर काढतो तेव्हा पुन्हा तुकडा घ्यायचा का हे विचारा, कारण जीन बदललेला असू शकतो आणि अधूनमधून तो स्मॉल सेलमध्येही पलटतो.

काकूचा पुढचा स्कॅन सोमवारी आहे. मागच्या चारही सीड्या मी आत्ताच पिशवीत टाकल्यात आणि पिशवी दाराच्या कडीला अडकवलीय, गेल्या वेळी टेबलावर राहिली होती.